चार आण्याची कोंबडी आणि झेड२७० बोर्डाचा मसाला

वाचकाचं पत्र

दादा, मी अकोल्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मावसभाऊ नोकरीसाठी बाहेर गेला तेव्हा त्याचा गेमिंग पीसी मला देऊन गेला. आय७-७७०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०८० कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस. दिवाळीत २७ इंची १४४०पी मॉनिटर घेतला आणि तेव्हापासून नवे गेम अडखळायला लागले. अमरावतीचा एक मित्र त्याचं जीटीएक्स १०८० मला ८,००० रुपयांत देतोय. दोन कार्डं जोडली की वेग दुप्पट होईल ना? दुकानदार म्हणतो, या बोर्डावर दोन कार्डं चालणार नाहीत, जुना झेड२७० बोर्ड ९,००० रुपयांत शोधून देतो. नाहीच मिळाला तर झेड३७० लावू, सॉकेट तोच आहे. शिकवण्या घेऊन ३०,००० रुपये साठवलेत. बोर्ड बदलू का? यूपीएस घरात आहे, ६०० व्हीएचा.
— दोन कार्डांच्या मोहात, अकोला

उत्तर

नको बदलूस. बोर्ड नको आणि दुसरं कार्डही नको. कारणं सविस्तर सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट आजच्या आज ध्यानात घे: झेड३७० बोर्डाला हातसुद्धा लावू नकोस. सॉकेटचं नाव दोन्हीकडे एलजीए ११५१ आहे, तुझा प्रोसेसर त्यात अलगद बसेलही, पण पीसी सुरू होणार नाही. इंटेलने सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड काढले, आठव्या पिढीपासून ३०० मालिकेचे. मधे पिनांचं वाटप बदललं, सॉकेटचं नाव मात्र तेच राहिलं. दुकानदार तुला फसवतोय असं मी म्हणणार नाही. या एका आकड्याने भल्याभल्यांची गल्लत केली आहे. पण सेकंडहँड माल घेऊन तो चालला नाही, तर पैसे परत मागायला तू कुणाच्या दारात उभा राहणार?

बाकी तुझा दुकानदार अर्धा बरोबर आहे. बी२५० वर तुझ्या १०८० च्या कंपनीची, म्हणजे एनव्हिडियाची, दोन कार्डं एसएलआयने (दोन कार्डं एकत्र चालवायच्या तिच्या तंत्राने) जोडता येत नाहीत, हे खरं. तुझ्या आय७-७७०० मधून ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या १६ लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, निघतात. एका लेनवरून सेकंदाला जवळपास १ जीबी माहिती जाते. झेड२७० बोर्डावर या १६ लेन दोन स्लॉटांत आठ-आठ अशा वाटता येतात, बी२५० वर ती वाटणी होत नाही. तिथे सोळाच्या सोळा वरच्या स्लॉटलाच मिळतात. मग खाली तो दुसरा लांब स्लॉट कशाला दिलाय? तो दिसायला लांब, पण आतून बहुधा चारच लेनचा असतो, आणि त्या लेनही चिपसेटमार्गे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून, येतात. त्याच वाटेने तुझी एसएसडी आणि यूएसबीही ये-जा करतात. एसएलआयसाठी एनव्हिडियाला दर कार्डामागे किमान आठ लेन लागतात, शिवाय बोर्डाला तशी परवानगी घेतलेली असावी लागते. तुझा बोर्ड दोन्हीत नापास.

आता दुसरी बाजू. झेड२७० घेतलास तर तुझ्या पदरात काय पडेल? झेड चिपसेटची खरी मजा ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यात. तुझा प्रोसेसर नुसता ७७०० आहे, ७७००के नाही, म्हणजे त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) कुलूपबंद. रॅम २४०० च्या वेगाच्या वर पळवता येईल, तेवढाच एक फायदा. बाकी सगळा खर्च फक्त त्या दुसऱ्या स्लॉटासाठी. म्हणून खरा प्रश्न बोर्डाचा नाहीच, दुसऱ्या कार्डाचा आहे.

दोन कार्डांचं वेड जुनं आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू२ कार्डांनी ते सुरू केलं. पुढे ही कंपनी एनव्हिडियाने गिळली आणि एसएलआय हे नाव २००४ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी एटीआय कंपनीने तसंच क्रॉसफायर काढलं. २०१६ ला तुझं १०८० आलं तेव्हा एनव्हिडियाने तीन-चार कार्डांचा नाद सोडून जोडी दोनवर आणली होती. २०२० मध्ये ३० मालिकेत जोडणीची सोय फक्त सर्वांत महागड्या ३०९० ला उरली, आणि २०२२ च्या ४०९० मध्ये तीही गेली. तुझ्या कामाची तारीख मात्र वेगळीच आहे: १ जानेवारी २०२१. त्या दिवसापासून एनव्हिडियाने नव्या खेळांसाठी एसएलआय प्रोफाइल (त्या गेममध्ये दोन कार्डं कशी वापरायची याची ड्रायव्हरमधली सूचना) बनवणं बंद केलं. प्रोफाइल नसेल आणि गेम बनवणाऱ्याने स्वतः सोय केलेली नसेल, तर दुसरं कार्ड पंखा फिरवत नुसतं बसून राहतं.

मग गेम बनवणारे ती सोय का करत नाहीत? आळस हे अर्धंच कारण. मुख्य कारण समजायला आपल्या गाण्याच्या भेंड्या आठव. दोन कार्डं आळीपाळीने फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, काढतात: पहिली एकाने, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. जुन्या गेममध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असायची, त्यामुळे दोघांनी आपापलं गाणं म्हटलं तरी चालून जायचं. आजचे गेम कडा गुळगुळीत करायला, सावल्या स्थिर ठेवायला आणि कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करायला मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. म्हणजे समोरच्याचं शेवटचं अक्षर कळल्याशिवाय तुझं गाणं सुरूच होत नाही. दुसरं कार्ड पहिल्याची वाट बघतं, मागची फ्रेम दोन कार्डं जोडणाऱ्या ब्रिजवरून किंवा लेनवरून इकडून तिकडे न्यावी लागते, आणि जो वेळ वाचायचा तो वाहतुकीतच जातो.

ज्या गेममध्ये जमतं तिथे काय होतं, तेही ऐक. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ यांच्यात दोन कार्डांची सोय गेम बनवणाऱ्यांनीच केली होती, आणि तिथे फरक झणझणीत दिसतो. दुप्पट मात्र कुठेच होत नाही. उत्तम जमलं तर दीड-पावणेदोन पट. आणि एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा वाढला म्हणून डोळ्याला तो जाणवेलच असं नाही. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम. दोन कार्डांच्या खेळात कधी एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत येते आणि पुढची २८ नंतर. सरासरी तीच, कोपऱ्यातला आकडा ६० च दाखवतो, चित्र मात्र गचके देतं. स्टँडवर दोन एसट्या पाठोपाठ येतात आणि मग तासभर एकही नाही, तरी वेळापत्रकात ‘दर अर्ध्या तासाला बस’ असं छापलेलं असतंच ना, तसं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्याकडेही दोन कार्डांचा संसार होता, कोणत्या कंपनीची ते सोड. पहिले पंधरा दिवस कॅबिनेटची काच पुसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. मग नवा गेम आला की आधी तासभर सेटिंग शोधायची, नाही सापडली तर एक कार्ड बंद करून खेळायचं. शेवटी एक बंदच राहिलं, आणि ते विकायला काढलं तेव्हा जो भाव आला, तो घरी कुणाला सांगितला नाही.

मेमरीबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. ८ आणि ८ मिळून इथे १६ होत नाहीत, ८ च राहतात. दोन्ही कार्डांना तोच माल आपापल्या मेमरीत ठेवावा लागतो. १४४०पी वर तुला अडवणाऱ्या गोष्टींपैकी एक ही मेमरीच असणार, आणि ती तर तसूभरही वाढणार नाही.

आता पैशांचा हिशेब, कारण शिकवण्या घेऊन साठवलेले ३०,००० आहेत. कार्ड ८,०००, बोर्ड ९,०००. एसएलआयचा ब्रिज वेगळा शोधावा लागेल, तोही दोन स्लॉटांतल्या अंतराला जुळणारा. तुझं एक १०८० पूर्ण भारावर १८० वॅट खातं, दोन म्हणजे ३६०. त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर आणि बाकीचा फुटकळ खर्च धर. ६५० चा एसएमपीएस कागदावर पुरेल, पण तोही पीसीइतकाच जुना असणार, आणि दोन कार्डं एकदम उसळी घेतात तेव्हा असले म्हातारे कपॅसिटर मान टाकतात. मी असतो तर तो बदलला असता. मग यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटचा असतो, तेवढं तर नुसती कार्डंच ओढतील. ऐन गेममध्ये लाईट गेली की यूपीएस बॅटरीवर जायच्या ऐवजी ओव्हरलोडने किंचाळून बंद पडेल. म्हणजे तोही १००० व्हीएचा घ्या. झाले तुझे ३०,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात कोंबडी २०१६ ची, आभासी चलनाच्या मायनिंगच्या भरात कुणी दोन वर्षं दिवसरात्र राबवलेली निघाली तर तेही कळायचं नाही.

उन्हाळाही विसरू नकोस. अकोल्याच्या मे महिन्यात खोली आधीच तापलेली, त्यात एकाखाली एक दोन कार्डं. वरच्याला खालच्याची गरम हवाच मिळते. १०८० साधारण ८३ अंशांवर पोचलं की स्वतःचा वेग कमी करायला लागतं. दिवसाला चार तास खेळलास तर जादाच्या १८० वॅटचे महिन्याला २१-२२ युनिट होतात. बिल बाबा भरतात हे मला माहीत आहे.

आणि हा सगळा मसाला कोणत्या घरात ओतायचा, तेही बघ. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुझा आय७-७७०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि झेड२७० लावल्याने तो त्या यादीत येणार नाही. १० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर लागतंच. ते एका १०८० वर चालत नाहीत, दोनांवरही चालणार नाहीत.

मग करायचं काय? आधी रोग ओळख. तुझ्या पत्रातच तो लिहिलाय: ‘दिवाळीत मॉनिटर घेतला.’ १०८०पी मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख. कार्ड तेच, काम पावणेदोन पट. तरी खात्री करून घे. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाक, गेम खेळताना कार्डाचा वापर किती टक्के ते बघ. तो ९५ च्या वर चिकटून बसला असेल तर कार्ड थकलंय. कार्ड ६०-७० वर आणि तरी गचके बसत असतील तर प्रोसेसर थकलाय, तिथे दहा कार्डं लावलीस तरी उपयोग नाही. आणखी सोपी परीक्षा: गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आण. एफपीएस वाढले तर दोष कार्डाचा, जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरचा. हे करताना रॅमच्या कांड्या दोन आहेत की एकच, तेही बघून ठेव. १६ जीबीची एकच कांडी असेल तर ती ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी एकाच वेळी) चालत नाही, आणि तो तोटा तू फुकट सोसतोयस.

त्यानंतर बिनपैशाचे उपाय. ज्या गेममध्ये एएमडीचं एफएसआर आहे तिथे ते ‘क्वालिटी’वर ठेव. ते १०८० वरही चालतं. कार्ड मग १७०७ बाय ९६० चं चित्र काढतं आणि सॉफ्टवेअर ते १४४०पी पर्यंत वाढवतं. सावल्या एक पायरी खाली. कार्ड उघडून धूळ झाड, थर्मल पेस्ट नवी लाव. इतक्या वर्षांत ती वाळून खडूसारखी झालेली असते. एवढ्यावर तुझं भागलं, तर पैसे बँकेत राहू दे आणि हे सदर वाचणं इथेच थांबव.

भागलं नाही, तर एकच नवं कार्ड घे. तुझ्या बोर्डासाठी मी रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीकडे झुकतो, जमल्यास १६ जीबीचं. कारण पुन्हा लेनचंच. आरटीएक्स ५०६० चांगलं कार्ड आहे, पण ते आठच लेन वापरतं. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. तुझ्या ३.० च्या स्लॉटवर मात्र त्या आठ लेन अरुंद पडतात, आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की गेम रॅमकडे धाव घेताना ठेचकाळतो. ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेन घेतं. १६ जीबीवालं सुमारे १६० वॅट खातं, म्हणजे तुझ्या १०८० पेक्षाही कमी. एसएमपीएस तोच, यूपीएस तोच. स्वतःचं १०८० विकून आलेले पैसे यात घाल. पक्कं बिल घे. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिनबिलाचं कार्ड घेतलंस तर वॉरंटीच्या वेळी रडशील. कार्ड लावण्याआधी बोर्डाचा बायॉस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) शेवटच्या आवृत्तीवर आण आणि विंडोज यूईएफआय मोडमध्ये (सुरू व्हायच्या नव्या पद्धतीत) आहे का ते तपास, कारण जुन्या बोर्डावर नवं कार्ड लावल्यावर काळा पडदा दिसला तर बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं. इंटेलचं आर्क कार्ड स्वस्त दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तुझ्या पिढीच्या प्रोसेसरवर तो अधिकृतपणे मिळत नाही.

बोर्ड बदलायची वेळ येईल, पण ती प्रोसेसरसाठी. चार कोअरचा ७७०० कधीतरी या नव्या कार्डाला पुरा पडेनासा होईल. तेव्हा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० घे. सहा कोअर, विंडोज ११ ला चालतो, कार्डाला ४.० च्या सोळा लेन मिळतात, आणि मुख्य म्हणजे तुझी डीडीआर४ रॅम तशीच उचलून तिकडे लावता येते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढलेत, ते पाहता आपली जुनी १६ जीबी हे आत्ता सोनं आहे. ती विकण्याचा विचारसुद्धा करू नकोस.

दोन कार्डं लावायचीच खाज असेल, तर एक वाट बोर्ड न बदलताही आहे. स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं छोटं विकतचं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात एक कार्ड गेम चालवतं आणि दुसरं फक्त मधल्या फ्रेम बनवून भरतं. एसएलआय नको, ब्रिज नको, कार्डं सारखी असायचीही गरज नाही, चार लेनच्या स्लॉटवरही काम होतं. उद्या नवं कार्ड घेतलंस आणि १०८० विकवत नसेल तर प्रयोग म्हणून करून बघ. फक्त मधल्या फ्रेम बनावट असतात आणि माऊस किंचित जड वाटतो, तेव्हा नेमबाजीच्या गेममध्ये नको. शिवाय एसएमपीएस आणि यूपीएसचं रडगाणं तिथेही आहेच. ब्लेंडरमध्ये रेंडरिंग करणारे किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणारे लोक आजही दोन-दोन कार्डं लावतात, आणि त्यांना ती उपयोगी पडतात, कारण तिथे काम भेंड्यांसारखं नसून वाटून घेता येतं. तू तसलं काही लिहिलेलं नाहीस.

अमरावतीच्या मित्राला आजच फोन करून नाही सांग. १०८० चा भाव दर महिन्याला उतरतोय, त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळू दे. तुलाही तुझं विकायचंय, तर दोघांनी एकाच वेळी एकाच बाजारात जाहिरात टाकू नका.